लग्नातली फुलं भिंतीवर लावताना

लग्नघर दुसऱ्या दिवशी कसं दिसतं, ते तुम्हाला नव्यानं सांगायला नको. कोपऱ्याकोपऱ्यात अक्षता सांडलेल्या, आहेराच्या पिशव्यांचा ढीग, डब्यात उरलेले लाडू आणि मोरीजवळच्या बादलीत उभे करून ठेवलेले हार नि गुच्छ! पूर्वी त्या फुलांचं काय करायचं हा प्रश्नच पडत नसे. दोन दिवस घरभर वास दरवळायचा आणि तिसऱ्या दिवशी सगळं झाडाच्या बुंध्याशी नाहीतर नदीला.

आता मात्र नवी हौस आली आहे. लग्नातला गुच्छ किंवा हारातली फुलं वाळवायची, काचेच्या फ्रेममध्ये बसवायची आणि दिवाणखान्यात लावायची. हे काम पैसे घेऊन करून देणारे आहेत, आणि हौसेनं घरी करणाऱ्याही पुष्कळजणी आहेत. मी त्यांतलीच एक. शाळेत मुलांकडून पानं दाबून वह्या करून घेता घेता मला हा नाद लागला. नात्यातल्या आणि शेजारच्या मिळून आठ-दहा फ्रेमा मी आजवर केल्या. त्यांतली एक चुकली. वाळवण्यात नाही चुकली, मांडणी निवडण्यात चुकली. ती चूक तुमच्या हातून होऊ नये म्हणून हे लिहायला बसले.

आधी फुलाचा स्वभाव ओळखा

मांडणी ठरवायची तर आधी आपल्या हातातली फुलं वाळल्यावर कशी दिसतील, ते ठाऊक हवं. ताज्या गुच्छाचा फोटो समोर ठेवून मांडणी ठरवली की हमखास निराशा पदरी पडते.

लाल गुलाब वाळला की काळपट किरमिजी होतो. जितका गडद लाल, तितका जास्त काळा. गुलाबी गुलाब थोडा गडद होतो पण गुलाबीच राहतो. पिवळी आणि केशरी फुलं रंग बरा धरतात. पांढऱ्या फुलांकडून फार अपेक्षा ठेवू नका. पांढरा गुलाब किंवा कार्नेशन सायीच्या रंगावर जातं, आणि मोगरा, जाई, निशिगंध तर तपकिरीच होतात. लिली, ऑर्किड, निशिगंध ही फुलं मांसल. त्यांच्यात पाणी फार, त्यामुळे वहीत दाबली तर कुजण्याची भीती असते.

आता भरवशाची फुलं. झेंडू, कोंबडा, बटणासारखी दिसणारी ती जांभळी फुलं, गुच्छात भरीला घालतात ते जिप्सोफिला आणि स्टॅटिस. ही फुलं वाळली तरी बिचारी आपला आकार सोडत नाहीत. फुलवाल्यानं घातलेली नेच्याची पानंही जपून ठेवा. मांडणीत त्यांचा फार उपयोग होतो.

वाळवायच्या मुख्य पद्धती दोन. पहिली आपल्या लहानपणची, पिंपळाचं पान वहीत ठेवायचो तीच. टीपकागदाच्या किंवा वर्तमानपत्राच्या घड्यांत फूल पसरून ठेवायचं आणि वर जड पुस्तकं ठेवायची. पहिले चार-पाच दिवस रोज कागद बदलायचा. दोन-तीन आठवड्यांत फूल कागदासारखं होतं. अख्खा गुलाब असा दाबता येत नाही. त्याच्या पाकळ्या सुट्या करून दाबाव्यात आणि फ्रेममध्ये पुन्हा गुलाबासारख्या रचाव्यात.

दुसरी पद्धत सिलिका जेलची. फुलांसाठी मिळतं ते जेल रव्यासारखं बारीक असतं. घट्ट झाकणाच्या डब्यात जेलचा थर द्यायचा, त्यावर फूल तोंड वर करून ठेवायचं आणि चमच्यानं हळूहळू बाजूनं आणि पाकळ्यांमधून जेल सोडत फूल पूर्ण पुरायचं. चार ते सात दिवसांत फूल वाळतं आणि त्याचा उठाव तसाच राहतो. केशरी रंगाचं जेल ओल शोषून हिरवं झालं की ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरता येतं. निळ्या रंगाचं मात्र घेऊ नका, त्या निळ्या रंगात सहसा कोबाल्टचा विषारी क्षार असतो. जेल ओतताना नाकाला रुमाल बांधा. आणि हो, डबा नि चमचा वेगळाच ठेवा, पुन्हा स्वयंपाकघरात आणू नका.

मांडणीचे प्रकार

आता निवडीकडे वळू. प्रकार बरेच आहेत, पण घरच्या भिंतीला शोभतील असे मुख्य पाच.

पहिला प्रकार म्हणजे *गुच्छ जसाच्या तसा*. खाली देठ एकत्र बांधलेले, वर फुलांचा पसारा, हवी तर मूळची रिबीनही. ज्यांना तो समारंभच आठवायचा आहे, त्यांना ही मांडणी आवडते. पण तिला जागा लागते आणि फुलंही पुष्कळ लागतात. फुलं उठावाची असतील तर फ्रेम किमान दोन-अडीच इंच खोल हवी, नाहीतर काच पाकळ्यांवर दाबते. ताज्या गुच्छाशी डोळा सतत तुलना करत राहतो, ही या प्रकाराची मोठी अडचण. लाल-पांढरा गुच्छ असेल तर हा प्रकार न निवडलेलाच बरा.

दुसरा प्रकार *वनस्पतींच्या वहीसारखा*. पांढऱ्या किंवा सायीच्या रंगाच्या कागदावर एकेक फूल देठ-पानांसकट सुटं लावायचं आणि खाली बारीक अक्षरांत नाव लिहायचं. ही रीत वनस्पतिशास्त्रज्ञांची. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात ब्लॅटर हर्बेरियम आहे, पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचा संग्रह आहे. तिथे दाबलेल्या वनस्पती अशाच एकेका जाड कागदावर लावून ठेवतात. अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सन हिनं मुलगी असताना केलेला असाच संग्रह हार्वर्ड विद्यापीठानं जपला आहे. त्यात ६६ पानांवर ४२४ वनस्पती आहेत. एकेका पानावर तिनं अनेक फुलं लावली, पण प्रत्येकाला श्वास घ्यायला जागा ठेवली. या मांडणीत चार-पाच फुलं पुरतात, आणि रंग थोडा उतरला तरी बिघडत नाही. लहान घरांना ही फार शोभते.

तिसरा प्रकार *बागेसारखा*. खालच्या कडेपासून फुलं उगवल्यासारखी वर जातात आणि वरची जागा मोकळी राहते. दाबलेली नाजूक फुलं, गवताची पाती, नेचे यांना हा प्रकार उत्तम. हात थोडा सरावलेला हवा, एवढंच.

चौथा *गोलाचा किंवा अर्ध्या चंद्राचा*. मधे पत्रिकेतला मजकूर, फोटो किंवा नुसती तारीख, आणि भोवती फुलं. हारातल्या सुट्या पाकळ्यांचा यात छान उपयोग होतो. पण मधला फोटो मोठा झाला की फुलांची नुसती झालर होते. तेव्हा मधली वस्तू लहानच असू द्या.

पाचवा *खोल पेटीचा*. फुलांबरोबर मुंडावळ्या, शेल्याचा तुकडा, चिमूटभर अक्षता, असं सगळं एका पेटीत. हौस सगळ्यांनाच असते, पण पेटीत गर्दी झाली की तिचं दुकान होतं! तीन वस्तूंच्या वर जाऊ नये. अक्षता घालायच्याच असतील तर आधी त्यांची व्यवस्था करा. तांदळाला कीड लागते आणि मग ती फुलांकडे वळते.

याखेरीज हल्ली रेझीनमध्ये फुलं ओतून घेण्याची फॅशन आहे. दिसतं ते चकचकीत आणि सुंदर. पण एकदा ओतलं की ओतलं. ते उघडता येत नाही, फूल आत तपकिरी झालं तर काही करता येत नाही, आणि कालांतरानं रेझीनही पिवळं पडू लागतं. फुलात जरा ओल राहिली तर काम फसतंच. कच्चं रेझीन हाताला लागणं चांगलं नाही, म्हणून मुलाबाळांच्या घरात हा उद्योग करू नये असं मला वाटतं. करून घ्यायचंच असेल तर सगळी फुलं त्यात घालू नका, निम्मी बाजूला ठेवा.

माझी चूक

आता त्या चुकलेल्या फ्रेमविषयी. २०२३च्या मे महिन्यात माझ्या धाकट्या भावाचं लग्न झालं. स्वागतसमारंभाचा गुच्छ मोठा झोकदार होता. टपोरे लाल गुलाब आणि पांढरी कार्नेशन. "ताई, ह्याची फ्रेम तूच करायची," असं भावानं फर्मान काढलं. मलाही तेच हवं होतं! दुसऱ्या दिवशी सकाळी मी चटईवर सगळी फुलं पसरून निवडायला बसले. हे ठेवायचं, ते टाकायचं. नवी भावजय चहा घेऊन आली, जरा वेळ तिथेच टेकली. काही बोलली नाही.

टाकायच्या टोपलीत मी एक मोगऱ्याचा गजरा टाकला. आदल्या दिवशी तिच्याच केसांत होता तो. "मोगरा काही टिकत नाही, तपकिरी होतो," असं वर तिला मी समजावूनही सांगितलं. शिक्षिकेची सवय, दुसरं काय!

मग मी गुलाब आणि कार्नेशन जेलमध्ये वाळवली, गुच्छ जसाच्या तसा रचला, सोनेरी कडेची मोठी फ्रेम केली. सगळ्यांनी वाहवा केली. भावजय म्हणाली, "छान झालीय." भावानं ठाण्याच्या त्यांच्या घरी ती दिवाणखान्यात, खिडकीसमोरच्या भिंतीवर लावली.

दिवाळीत भाऊबिजेला मी ठाण्याला गेले. फ्रेमकडे पाहिलं आणि जीव खट्टू झाला. दुपारचं ऊन रोज त्या भिंतीवर येत होतं. गुलाब काळे पडले होते आणि पांढरी फुलं चहाच्या रंगाची झाली होती. त्यात पावसाळ्याच्या दमटपणानं एका कोपऱ्यात बुरशीचे ठिपके. मी भावाला उन्हावरून बोलत होते, तेवढ्यात भावजय आतून एक रुमाल घेऊन आली. जपून उलगडला. आत वाळलेला मोगऱ्याचा गजरा होता, हातभराचा वीतभर उरलेला.

"ताई, ह्याला फ्रेममध्ये लावता येईल का हो?" तिनं विचारलं. "आईच्या कुंडीतला मोगरा आहे. लग्नाच्या दिवशी मावशीनं पहाटे उठून खुडला आणि ओवला."

तिची आई लग्नाच्या दोन वर्षं आधी गेली. हे मला ठाऊक होतं. कुंडीतला मोगरा मात्र ठाऊक नव्हता, कारण मी विचारलंच नव्हतं. त्या सकाळी मी पाठ फिरवल्यावर तिनं तो टोपलीतून उचलला होता. नव्या घरात पहिल्याच दिवशी नणंदेला 'हे टाकू नका' म्हणायचं तरी कसं? सहा महिने तो तिच्या कपाटात साड्यांमध्ये होता. आणि मी तिला दोन फूट बाय दीड फुटाची, फुलवाल्याकडच्या गुलाबांची फ्रेम देऊन वर कौतुक करून घेतलं होतं!

तपकिरी मोगऱ्याची फ्रेम

त्या गजऱ्याची फ्रेम मी त्याच हिवाळ्यात केली. या वेळी प्रत्येक गोष्ट तिला विचारून.

आधी गजरा पिशवीत हवाबंद करून फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवला. वाळलेल्या फुलांत बारीक किडे नि त्यांची अंडी असतात, ती थंडीनं मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडली नाही. ती खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडली, नाहीतर फुलांवर दव धरतं.

मग पार्श्वभूमीचा प्रश्न. सायीच्या रंगाच्या कागदावर तपकिरी मोगरा मळकट दिसत होता. गडद रंगावर ठेवून पाहिला तर तीच फुलं चंदनासारखी दिसायला लागली. हे ध्यानात ठेवा, मैत्रिणींनो. रंग उतरलेल्या फुलांना फिक्या कागदावर ठेवू नये, गडद कापडावर ठेवावं. भावजयीकडे तिच्या आईची एक जुनी बाटली-हिरवी सुती साडी होती, काठ विरलेली. त्यातला धड तुकडा तिनं स्वतः कापून दिला. तो धुऊन, खळ पूर्ण काढून, उन्हात वाळवून पुठ्ठ्यावर ताणून बसवला. खळ राहिली तर किडीला आयतं जेवण!

गजरा चिकटवला नाही. मूळ दोरा शाबूत होता, त्यालाच चार ठिकाणी हिरव्या दोऱ्यानं कापडावर टाके घातले. आकार दिला नाही. रुमालात जसा वळला होता, तसाच ठेवला. फ्रेम सहा इंच बाय आठ इंच, दीड इंच खोल, सोनेरी कड नाही, साधं सागवानी लाकूड. नाव नाही, तारीख नाही. भावजय म्हणाली, "मला माहीत आहे की. बाकीच्यांना कशाला?"

आता ती फ्रेम तिच्या खोलीत, आतल्या भिंतीवर आहे. पाहुण्यांना ती दिसतही नाही.

मग निवड कशी करायची?

पहिला प्रश्न कागदाचा नाही, फ्रेमचा नाही, रंगाचाही नाही. ज्याची फुलं आहेत त्याला विचारा, "यातलं कुठलं एक फूल राहिलं पाहिजे?" आणि तो प्रश्न चारचौघांत विचारू नका, एकट्यात विचारा. नवी सून सगळ्यांसमोर 'सगळीच छान आहेत' असंच म्हणणार.

मग त्या एका फुलाला कुठली मांडणी मानवते ते पाहा. नाजूक, चपटं होणारं फूल असेल तर वहीसारखी किंवा बागेसारखी. उठावाचं असेल तर खोल पेटी. रंग जाणारं असेल तर गडद कापड आणि लहान फ्रेम. एक फूल ठरलं की बाकीची त्याच्या सोबतीला येतात, त्याला झाकायला नाही.

तिसरा विचार भिंतीचा. ऊन येणारी भिंत नको, न्हाणीघराला लागून असलेली नको, पावसाळ्यात ओल धरणारी बाहेरची भिंत तर नकोच. इजिप्तच्या तुतनखामेन राजाच्या दफनविधीच्या वेळचे पानाफुलांचे हार तीन हजारांहून अधिक वर्षं टिकले आणि आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत. ते टिकले कारण ते कोरड्या हवेत आणि अंधारात होते, आणि त्यांना कुणाचा हात लागला नव्हता. आपलं घर काही वाळवंट नव्हे, पण कोरडं, सावलीचं आणि कमी हाताळलं जाणारं ठिकाण प्रत्येक घरात एखादं असतंच.

चौथा विचार घराचा. भाड्याच्या किंवा बदलीच्या घरात राहत असाल तर लहान नि हलकी फ्रेमच बरी.

आणि थोरांचं काय?

'वाळलेलं फूल घरात ठेवू नये' असं आमच्या सासूबाईंचंही म्हणणं होतं. निर्माल्य भिंतीवर लावतात का, असा त्यांचा सवाल. लग्नातला गुच्छ काही देवाला वाहिलेला नसतो, असा युक्तिवाद मला करता आला असता. पण त्यानं मनं जुळत नाहीत. मी एवढंच केलं. पूजेतली आणि देवकाची फुलं वेगळी काढून त्यांच्या म्हणण्याप्रमाणे झाडाशी घातली, आणि फ्रेमसाठी घेतलेली फुलं आधी त्यांना दाखवली. मोगऱ्याची गोष्ट ऐकल्यावर त्या गप्प झाल्या. म्हणाल्या, "ते निर्माल्य नव्हे गं. ते माहेर आहे."

काही बारीकसारीक सूचना

• फुलं ताजी असतानाच, लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच वाळवायला घ्या. कोमेजलेलं फूल कितीही जपून वाळवलं तरी कोमेजलेलंच दिसतं.

• फुलांवर पाण्याचे थेंब असतील तर आधी ते पूर्ण सुकू द्या.

• मांडणी आधी कोरडी करून पाहा, एक रात्र तशीच ठेवा, सकाळी पुन्हा पाहा. चिकटवायची घाई करू नका. सकाळी दोन फुलं तरी जास्त वाटतातच, ती काढून टाका.

• फेव्हिकॉल टाचणीच्या टोकानं, थेंबभरच लावा. जास्त लावलं की पाकळीवर डाग उमटतो.

• पाठीमागचा कागद आम्लविरहित घ्या. मिळाला नाही तर चिंध्यांपासून केलेला हातकागद वापरा. वर्तमानपत्र किंवा साधा पुठ्ठा फुलांना लागून ठेवू नका, तो पिवळा पडतो आणि डागही देतो.

• काच फुलाला टेकता कामा नये. मधे लाकडी पट्टी बसवून घ्या. अतिनील किरण अडवणारी काच परवडत असेल तर जरूर घ्या, पण ती घेतली म्हणून उन्हात लावू नका.

• फ्रेम मागून उघडता येईल अशी करून घ्या. आत सिलिका जेलची लहान पुडी ठेवा आणि दरवर्षी पावसाळ्यानंतर बदला.

• उरलेली फुलं फेकू नका. कुंडीच्या मातीत घाला, उत्तम खत होतं.

ती मोठी सोनेरी फ्रेम अजून माझ्या माळ्यावर आहे. काळी पडलेली फुलं काढून टाकली, फ्रेम ठेवली. पुढच्या वेळी कुणाचं लग्न असलं की त्यात काय लावायचं, ते मी ठरवणार नाही.